बेहड्याखालचा देव उठला तेव्हा

वनखात्यातून निवृत्त झालेला माणूस दिवाळी अंकात लिहिणार म्हटलं की वाचक बिबट्याची वाट बघतात. त्यांची निराशा सुरुवातीलाच करून टाकतो. माझ्या अख्ख्या नोकरीत बिबट्या एकदाच दिसला, तोही पाठमोरा. त्या वेळी आम्हा दोघांत जास्त घाईत कोण होतं, ते मी सांगणार नाही. त्यामुळं ही गोष्ट एका झाडाची आहे आणि त्या झाडाखाली आता नसलेल्या एका दगडाची. ती सांगताना मला आजही मान वर करता येत नाही, पण सांगायला दुसरी कुठली मोठी गोष्ट माझ्याकडं नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात जुनं जंगल आहे म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. जिल्ह्यातले लोक हसत नाहीत, ते विचारतात, कुठं? त्यांचं चूक नाही. बालाघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं तर नजर जाईल तिथवर कुसळी गवत आणि मुरूम. पण हिवरदऱ्याच्या कडेला आलात की जमीन एकदम खाली उतरते आणि पायाखाली झाडांचे शेंडे दिसायला लागतात. धावडा, अंजन, सालई, करंज, आणि दऱ्याच्या पोटात झऱ्याजवळ एक बेहडा. हा बेहडा एवढा, की फिरायला आलेल्या माणसांनी हातात हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला तरी शेवटच्या माणसाचा हात पहिल्याला मिळत नाही. फोटोत मात्र सगळे मिळाल्यासारखे हसतात.

आजूबाजूचे डोंगर पूर्वी असे बोडके नव्हते. निजामाच्या काळात गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आले, त्यांनी लाकूड नेलं आणि उरलेल्याचा कोळसा केला. भट्ट्या जिथं होत्या तिथली माती आजही काळी आहे आणि तिथं गवत वेगळं उगवतं. पुढं सरकारी कूप आले. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायचा जंगलाचा तुकडा. कोळसा आणि सरपण बैलगाड्यांनी खाली छोट्या रेल्वेच्या स्टेशनावर जायचं. या सगळ्यातून हिवरदरा वाचला तो बेहड्याखालच्या म्हसोबामुळं. शेंदूर फासलेला ओबडधोबड दगड, दुसरं काही नाही. पण आसपासच्या कुऱ्हाडवाल्यांनी त्या दऱ्यात पाय टाकायला साफ नकार दिला होता. गुत्तेदारानं बाहेरून माणसं आणली, तर त्यांच्या मुकादमाला म्हणे असा ताप भरला की टोळी रातोरात गेली. लोक त्या दऱ्यातलं पडलेलं फळसुद्धा उचलत नसत.

मी तेरजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातला. धर्मांतर झालं तेव्हा माझ्या आजोबांनी घरातले सगळे देव टोपलीत भरून तेरणेत सोडले, आणि माझे वडील तेव्हा पोरसवदा, टोपलीची दुसरी कडी धरून होते. ही गोष्ट वडील आम्हाला फार अभिमानानं सांगत. म्हणून म्हसोबाकडं मी कधी हात जोडले नाहीत. त्याच्याबद्दल मी पर्यटकांना सांगायचो, "आमच्या खात्यातला हा सगळ्यात जुना वनरक्षक. पगार नाही, रजा नाही, बदली नाही." लोक हसायचे. मलाही माझा विनोद फार आवडायचा.

पर्यटक हा शब्द माझ्या नोकरीत शेवटी-शेवटी आला. आधी आमचं काम राखणीचं. गस्त घालायची, वणवा लागला की ओल्या फांद्यांनी झोडपायचा, चोरटी तोड पकडायची. मग एके वर्षी वरून आलं की हिवरदऱ्यात निसर्गवाट करायची. कड्यावरून उतरायचं, भट्ट्यांच्या काळ्या मातीतून, धावड्यांतून बेहड्यापर्यंत जायचं आणि झऱ्याच्या बाजूनं वर यायचं. मी वनपाल होतो, काम माझ्याकडं आलं. सुभान नावाचा आमचा जुना वनमजूर आणि मी, दोघांनी मिळून ती वाट काढली. एकही झाड न तोडता काढली, हे मी येईल त्याला ऐकवायचो.

लोक यायला लागले. एक गृहस्थ दऱ्यात उतरून, सगळीकडं बघून म्हणाले, "पण यात बघायचं काय?" एक ताई फांदीला झोका बांधायची परवानगी मागत होत्या. एकानं स्पीकर आणला होता. मी बंद करायला लावला तर म्हणाला, "अहो, इथं फार शांत आहे हो, भीती वाटते." पण बरेचसे भले लोक होते. बेहड्याखाली आले की आपोआप हळू बोलायला लागायचे.

मग लातूरचा एक मॉर्निंग वॉकवाल्यांचा ग्रुप वाट चुकला. भट्ट्यांपाशी वाट फुटते तिथं ते ढोरवाटेला लागले. संध्याकाळ झाली तरी वर आले नाहीत. सुभान आणि मी हाका मारमारून घसा बसवून घेतला. शेवटी मंडळी सापडली ती दऱ्याच्या पलीकडं एका शेतात, आगटीभोवती बसून हुरडा खाताना. आम्हाला बघून त्यांनी आम्हालाही बसा म्हटलं. तोवर त्यांच्यातल्या एकानं कुठल्याशा ओळखीच्या साहेबाला फोन लावला होता, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारणा झाली की वाटेवर खुणा का नाहीत? पाट्या यायच्या होत्या. त्या बरेच दिवस येतच होत्या.

मी म्हटलं, पाट्यांची वाट कोण बघतो. आमच्या तपासणी नाक्याचं फाटक रंगवून उरलेला गेरवा रंग होता. सुभाननं डबा धरला, मी ब्रश घेतला आणि वाटेच्या कडेच्या झाडांना छातीच्या उंचीवर एकेक पट्टा ओढत गेलो. एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे, असा हिशेब. शेवटचा पट्टा बेहड्याला, म्हणजे लोकांना कळावं की आलो. सुभान म्हणाला, "साहेब, लाल रंग लई खुलून दिसायलाय." मलाही तसंच वाटलं. परतताना दऱ्याच्या तोंडाशी असलेल्या वस्तीवरच्या काही बाया माथ्यावरचं सरपण घेऊन उभ्या होत्या. त्या पट्ट्यांकडं बघत होत्या. मी हात केला, नेहमी बोलणाऱ्या त्या बाया काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या असतील.

पुढच्याच रविवारी सोलापूरच्या एका कॉलेजचे सर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. मी उत्साहात पुढं. पहिल्या पट्ट्यापाशी आलो तर झाडाला हळद-कुंकू लावलेलं, बुंध्याशी भाकरीचा तुकडा. दुसऱ्या झाडाला तसंच. तिसऱ्याला तसंच. मुंग्या भाकरीला लागल्या होत्या. मुलं फोटो काढायला लागली. सरांनी विचारलं, "ही काय प्रथा आहे?"

मला माहीत नव्हतं. पण वाटाड्यानं माहीत नाही म्हणायचं म्हणजे कमीपणा. मी छाती पुढं काढून सांगितलं की आमच्या इथले लोक झाडाला घरातलं माणूस मानतात, आपण जेवताना त्याला घास देतात, आणि तुम्हा शहरातल्या लोकांनी हे शिकण्यासारखं आहे. एका मुलीनं ते सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. ते रेकॉर्डिंग अजून कुठंतरी असेल, आणि तिनं ते कुणाला ऐकवू नये अशी माझी फार इच्छा आहे.

बोलत-बोलत बेहड्यापाशी आलो. म्हसोबाची गोष्ट मी शेवटाला राखून ठेवायचो. ताप आलेला मुकादम झाला, बिनपगारी वनरक्षकाचा विनोद झाला, मुलं हसली, आणि मी हात करून म्हटलं, "हे बघा आमचे साहेब."

तिथं काही नव्हतं. शेंदराचे ओघळ वाळलेले होते, आणि त्यांच्या मधोमध ओल्या मातीचा एक खळगा. दगड उचलल्यावर खालची जागा दिसते तशी ती जागा, पांढुरक्या मुळ्या आणि इकडंतिकडं पळणारे किडे. सरांनी विचारलं, "काका, देव कुठंय?"

मी बेहड्याकडं बघितलं. माझा लाल पट्टा आणि त्यावर हळदीची बोटं, एकूण एक, बरोबर पट्ट्यावरच. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

हे जरा समजावून सांगतो. कूप तोडायचा असला की कुठली झाडं जाणार ते आधी ठरायचं. त्या झाडाला छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा ओढायचा आणि बुंध्याशी साल तासून तिथं खात्याच्या हातोड्यानं शिक्का मारायचा. शिक्का बुंध्याशीच, कारण झाड गेलं तरी थुट मागं राहतं आणि थुटावर शिक्का दिसला की तोड कायदेशीर. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण मी नोकरीला लागलो तोवर आमच्या भागातली तोड बंद झालेली. पट्टा मी कधी ओढला नव्हता की ओढताना बघितला नव्हता. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी बघितला होता. त्यांची हयात कूपात कुऱ्हाड चालवण्यात गेली होती. आणि मी दऱ्यातून फिरून, त्यांच्या डोळ्यांदेखत, म्हसोबाच्या बेहड्यापर्यंत पट्टे ओढून हात हलवत निघून गेलो होतो.

सरांना आणि मुलांना वर एसटीच्या थांब्याला सोडलं आणि तसाच वस्तीवर गेलो.

म्हसोबाची पूजा कोंडाबाईच्या घराकडं. नवरा आणि सासरा दोघंही कूपात झाडं तोडणारे, आता दोघंही नाहीत. तिच्या अंगणातल्या लिंबाखाली नवा ओटा केला होता. त्यावर तो दगड, ताजा शेंदूर, वर पत्र्याचं छप्पर. मोकळ्या रानातून आलेला देव मला तिथं फार लहान दिसला.

"या सायेब, बसा. च्या टाकते," कोंडाबाई म्हणाली.

"आजी, देव का उठवला?"

तिला माझा प्रश्नच कळेना. "पट्टं वढल्यावर काय करावं मंग? आमच्या मामंजीनं सांगून ठेवलं व्हतं, पट्टा वढला की देव आधी उठवायचा. देवाच्या म्होरं त्येचं झाड पडू ने."

"आणि भाकर?"

"झाड उपाशी पडू ने म्हनून. तोडायच्या आधी तुकडा ठेवत्यात. आमची मानसं बी ठेवायची."

मी घाईघाईनं सांगायला लागलो. तोड नाहीच मुळी. तो वाट दाखवायचा पट्टा आहे. फिरायला येणाऱ्या लोकांसाठी.

"कंच्या लोकांसाठी?"

"शहरातल्या. ते झाडं बघायला येतात, त्यांना वाट कळावी म्हणून."

ती म्हणाली, "त्येस्नी वाट कळंल. आमाला काय कळंल, ते न्हाय बघितलं व्हय कुनी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "आजी, मी रोज तुमच्या दारावरून जातो. मला एकदा विचारायचं तरी."

"तुमाला काय इच्यारायचं? तुमाला वरून हुकूम आला आसंल. नोकरी हाय, लेकरंबाळं हायती. मागल्या बारीला बी कुनी आमाला इच्यारलं नव्हतं. म्या वस्तीत समद्यास्नी सांगितलं, सायेब चांगला मानूस हाय, त्येला कुनी काय बोलायचं न्हाय. तुमी च्या घ्या."

मी चहा घेतला. मी इतकी वर्षं समजत होतो की वस्तीचा माझ्यावर विश्वास आहे. विश्वास होताच, पण असा, की हा माणूस वरून सांगितलं तर बेहडासुद्धा तोडेल, बिचारा काय करणार. त्यांनी मला गुन्हेगार नव्हे, लाचार धरलं होतं, आणि मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. त्यापेक्षा दगड मारले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मी बोललो. ज्याच्या आजोबांनी घरचे देव तेरणेत सोडले, त्या मी कोंडाबाईला म्हटलं, "देव परत नेऊन बसवा. हवं तर टोपली मी उचलतो."

ती पहिल्यांदा हसली. "तुमी? तुमच्यात तर मानत न्हाईत."

"नाहीच मानत."

"मंग?"

"झाडासाठी म्हणतोय."

"नुसतं झाडासाठी देव बसत न्हाय कुठं, सायेब." तिनं ओट्यावरची पानं पदरानं झाडली. "हलगी लावून, टोपलीत घालून आनलाय त्येला. निगताना म्या सांगितलंय, आता हितं तुजं काय ऱ्हायलं न्हाय, चल घरी. आता परत कोंच्या तोंडानं सांगू, की तसं नव्हतं? उठला त्यो उठला."

मी उठलो. दारात आलो तेव्हा तिनं मागून म्हटलं, "राखन करनारा तितं न्हाय आता. तुमीच बघा."

आमच्या घरातूनही देव गेले होते, पण आमच्या माणसांनी ठरवून, ताठ मानेनं ते नदीत सोडले. इथं भीतीनं उठवावा लागला, आणि ती भीती मी फाटकाच्या उरलेल्या रंगातून दिली. वस्तीवरून परतताना मला सारखा वडिलांचा चेहरा दिसत होता. देव गेला याचं त्यांना काही वाटलं नसतं. कुणाला न विचारता घालवला, याचं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुभान आणि मी तारेचे ब्रश घेऊन पट्टे काढायला गेलो. रंगाबरोबर साल निघायला लागली. सुभान म्हणाला, "साहेब, राहू द्या, हे तर जास्तच जखम दिसायलंय." मग आम्ही पट्ट्यांवर चिखल थापला. पहिल्या पावसात तो धुऊन गेला. ते पट्टे आजही आहेत, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून एकही पर्यटक वाट चुकलेला नाही.

मी स्वतःला समजावत होतो की दगड तर गेला, झाडं आहेत. शिमग्याच्या आधी तेही समाधान गेलं. कुणीतरी गाडी घेऊन आलं आणि होळीसाठी बेहड्याची खालची मोठी फांदी तोडून घेऊन गेलं. वस्तीवरचं कुणी नव्हतं, चाकांच्या खुणा डांबरी रस्त्याकडं गेल्या होत्या. गुत्तेदाराला जे जमलं नाही ते कुणा फिरायला आलेल्या माणसांनी गाणी म्हणत केलं असेल. मी अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. त्या कापलेल्या फांदीखाली उभा राहून मी पंचनामा लिहीत होतो, तेव्हा कोंडाबाई शेळ्या घेऊन तिथून गेली. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि शेळ्यांना हाकारत पुढं गेली.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात शाल-नारळ झाला. भाषणात कुणी म्हणालं, "हिवरदऱ्यात यांनीच लोकांना वाट दाखवली." टाळ्या पडल्या. सुभान खाली बसला होता, तो माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होता. मला शाल खांद्यावर नको झाली.

आता मी दर रविवारी हिवरदऱ्यात जातो. कुणी सांगितलेलं नाही, ओळखपत्र वगैरे काही नाही. डबा घेतो आणि बेहड्याखाली बसतो. लोक येतात. फांदीला हात घातला की मी खोकतो. नाव कोरायला किल्ली काढली की नाव विचारतो, मग ते कोरत नाहीत. कुणी विचारतं, "काका, तुम्ही इथले कोण?" मी सरकून त्यांना सावलीत जागा करून देतो. म्हसोबाची गोष्ट मी आता सांगत नाही. मी देव मानत नाही, हेही बदललेलं नाही. पण ताप येईल या भीतीनं लोक जेवढे लांब राहायचे, तेवढे माझ्या खोकण्यानं राहत नाहीत, हे मला मान्य करावं लागतं.

परवाच्या रविवारची गोष्ट. सीताफळांचा मोसम. दुपारी ऊन तिरकं होत गेलं तसा मी सावलीबरोबर सरकत-सरकत बुंध्याला टेकलो आणि डोळे मिटले. पाऊल वाजलं म्हणून उघडले, तर समोर कोंडाबाई. सीताफळांची पाटी खाली ठेवून, डोळे मिटून, हात जोडून उभी. मी कुठं बसलोय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. खळगा पानांनी भरून सपाट झाला होता आणि मी नेमका त्यावर बसलो होतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गडबडीनं उठायला लागलो, डबा लवंडला.

कोंडाबाईनं डोळे उघडले. "बसा, बसा. तुमाला न्हाय केला नमस्कार," ती म्हणाली. पाटी डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली, आणि मी अजून अर्धा उभाच आहे हे बघून पुन्हा म्हणाली, "बसा म्हनलं ना, सायेब. एक उठला तेवढा बास झाला."